ओरॅकल पार्कला बेसबॉल बघायला जाताना: गाडी, ट्रेन, बोट आणि परतीचा हिशेब

सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल टीमची मॅच ठरली की बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या परिसरातल्या, मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला प्रश्न हमखास येतो, "पार्किंग कुठे करताय?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न बहुतेकांना रात्री साडेनऊला, स्टेडियमसमोरच्या किंग स्ट्रीटच्या गर्दीत उभं राहिल्यावर सुचतो: आता घरी कसं जायचं? जाताना माणसं दोन तासांत विखरून येतात. कुणी चारलाच ऑफिसातून सटकतं, कुणी दुसऱ्या इनिंगला धापा टाकत पोचतं. परतताना मात्र जवळजवळ सगळे एकदम उठतात. स्टेडियममध्ये साधारण ४१ हजार माणसं मावतात आणि त्याच्या दोन बाजूंना पाणी आहे. म्हणून आधी परतीची वाट ठरवायची आणि त्यावरून जाण्याची. उलट क्रमाने केलेले बेत मॅच संपल्यावर फसतात.

जागा नीट समजून घ्या

ओरॅकल पार्क सॅन फ्रान्सिस्कोत किंग स्ट्रीट आणि थर्ड स्ट्रीटच्या नाक्यावर आहे. २००० साली ते पॅसिफिक बेल पार्क म्हणून उघडलं. मग एसबीसी, मग एटी अँड टी, आणि २०१९ पासून ओरॅकल. जुने लोक अजून जुन्या नावांनी बोलतात, त्यामुळे एखाद्याने "एटी अँड टी पार्कला भेटू" म्हटलं तर गोंधळू नका, जागा तीच. जायंट्सचा थोर खेळाडू विली मेज याचा पुतळा असलेला चौक हे मुख्य प्रवेशद्वार. उजव्या बाजूच्या प्रेक्षागृहामागे मॅकोवी कोव्ह ही खाडी. तिच्यापलीकडे मिशन रॉक नावाची नवी वस्ती, आणि दोन्हींना जोडणारा थर्ड स्ट्रीटवरचा लेफ्टी ओ'डूल पूल.

आता तीन गोष्टी नकाशावर बोट ठेवून बघा. पहिली, दक्षिणेकडून येणारा २८० फ्रीवे किंग स्ट्रीटवर येऊन संपतो. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीहून २८० ने आलेली गाडी थेट स्टेडियमच्या दारातल्या रस्त्यावर ओतली जाते. दुसरी, त्याच किंग स्ट्रीटवर फोर्थ स्ट्रीटच्या कोपऱ्याला सॅन होजेकडून येणाऱ्या कॅल्ट्रेन या रेल्वेचं शेवटचं स्टेशन आहे, स्टेडियमपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर. तिसरी, रस्त्याच्या मधोमध म्युनीची, म्हणजे शहराच्या वाहतूक सेवेची, ट्राम धावते. गाड्या, ट्रेनचे प्रवासी आणि ट्रामचे प्रवासी अशा तिन्ही धारा एकाच रस्त्यावर येतात, आणि यात सगळ्यात कमी जागा गाड्यांच्या वाट्याला आहे.

हे मुद्दामच तसं आहे. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमभोवती सोळा हजार गाड्यांचं पार्किंग पसरलंय. ओरॅकल पार्कची भिस्त पहिल्यापासून ट्रेन, ट्राम, बोट आणि पायांवर आहे. त्यातच पुलापलीकडे जो मोठा मोकळा पार्किंग लॉट होता, त्याच्या बऱ्याचशा जागेवर आता मिशन रॉकच्या इमारती उभ्या राहिल्यात, व्हिसा कंपनीचं मुख्यालयही त्यातच. दहा वर्षांपूर्वी आलेल्या मित्राचा "अरे, पुलापलीकडे आरामात मिळतं" हा सल्ला म्हणून जपून ऐका.

पहिली पायरी: मॅचची वेळ

तिकीट काढताना बहुतेक लोक सीट बघतात. तुम्ही वेळ बघा, कारण कुठली ट्रेन मिळणार हे तीच ठरवते. आठवड्यातल्या संध्याकाळच्या मॅचेस साधारण पावणेसातला सुरू होतात, काही सव्वासातला. शनिवार-रविवारी बऱ्याच मॅचेस दुपारी एकच्या सुमाराला. आठवड्यातही अधूनमधून दुपारच्या मॅचेस असतात.

२०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे प्रत्येक चेंडू ठरावीक सेकंदांत टाकायचा नियम, आल्यापासून मॅचची सरासरी लांबी दोन तास चाळीस मिनिटांवर आली आहे. त्याआधी ती तीन तासांच्या पुढे असायची. पावणेसातची मॅच साडेनऊच्या आसपास संपेल असं धरा. पण मॅच कधी संपावी याला घड्याळाची सक्ती नाही. नऊ इनिंग्जनंतर बरोबरी असली की जादा इनिंग्ज सुरू होतात. परतीची ट्रेन ठरवताना साडेनऊला चाळीस मिनिटं जोडा आणि तरीही मिळेल अशीच गाडी मनात धरा.

आठवड्यातली दुपारची मॅच फसवी असते. जाताना रस्ते मोकळे, मन प्रसन्न. संपते साडेतीनच्या आसपास, म्हणजे शहरातल्या ऑफिसांची परतीची गर्दी सुरू होते त्याच वेळेला. अशा दिवशी गाडी नेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आणखी एक तपासणी, दोन मिनिटांची. चेस सेंटर हे वॉरियर्सचं बास्केटबॉलचं स्टेडियम इथून जेमतेम मैलभरावर, म्युनीच्या टी या ट्राम लाइनवरच आहे. तिथे त्याच रात्री मोठा कार्यक्रम असेल तर पार्किंगचे भाव आणि ट्रामची गर्दी दोन्ही चढतात. तारीख टाकून दोन्हीकडचं वेळापत्रक बघून घ्या.

दुसरी पायरी: तुम्ही राहता कुठे

सॅन होजे, सनीव्हेल, माउंटन व्ह्यू, रेडवूड सिटी, सॅन मटेओ, म्हणजे द्वीपकल्पाच्या या पट्ट्यात राहत असाल तर फार विचार करू नका, कॅल्ट्रेन घ्या. चर्चगेटला उतरून वानखेडेला चालत जाणाऱ्याला हे स्टेशन लगेच ओळखीचं वाटेल: ट्रेन इथेच संपते, इथूनच सुटते आणि मॅचची गर्दी तिच्या अंगवळणी पडलेली आहे. शेवटचं स्टेशन असल्याचा फायदा परतीला कळतो. गाडी इथे रिकामी उभी असते, वेळेत पोचलात तर बसायला जागा मिळते.

२०२४ च्या सप्टेंबरपासून कॅल्ट्रेन विजेवर धावते. सॅन होजेपासून एक्सप्रेस तासाभरात आणते, प्रत्येक स्टेशनावर थांबणारी लोकल सव्वा तास घेते. शनिवार-रविवारी दर अर्ध्या तासाला गाडी असते. आठवड्यातल्या संध्याकाळी एक्सप्रेसही असतात, पण त्या सगळीकडे थांबत नाहीत.

इथे सनीव्हेल-सांता क्लाराच्या सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक खुबी. कॅल्ट्रेनचं भाडं झोनप्रमाणे लागतं. सनीव्हेल स्टेशन तिसऱ्या झोनमध्ये येतं, लॉरेन्स चौथ्यात. घरापासून लॉरेन्स जवळ असलं तरी पाच-सात मिनिटं जास्त गाडी चालवून सनीव्हेलला गेलात तर दोन्ही वेळचं एकेका झोनचं भाडं वाचतं, शिवाय एक्सप्रेस मिळते. चौघांच्या कुटुंबाला हा फरक जाणवतो. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचं भाडं मोठ्यांच्या मानाने नगण्य आहे, ते मात्र वेगळं निवडावं लागतं.

स्टेशनवर गाडी लावलीत तर पार्किंगचे पैसे वेगळे भरावे लागतात. ट्रेनचं तिकीट काढलं म्हणजे पार्किंग आलं असं नाही, आणि दंडाची चिठ्ठी काचेवर दिसल्यावर वाद घालून उपयोग होत नाही. सनीव्हेल, माउंटन व्ह्यूसारख्या ठिकाणी स्टेशनशेजारी गावातलं बाजारपेठेचं पार्किंगही असतं, पण त्याला बहुधा तासांची मर्यादा असते. पाटी वाचल्याशिवाय गाडी सोडू नका.

फ्रीमॉन्ट, मिल्पिटास, डब्लिन, प्लेझंटन, वॉलनट क्रीकवाल्यांसाठी बार्ट, म्हणजे बे एरियाची मेट्रो. इथे थोडं समजून घ्यावं लागतं. बार्ट स्टेडियमपर्यंत जात नाही. ओकलंडला ए'ज ही बेसबॉल टीम होती तेव्हा बार्टमधून उतरायचं आणि पादचारी पुलावरून थेट कोलिझियममध्ये शिरायचं अशी सोय होती. २०२४ च्या हंगामानंतर ती टीम तिथून गेली, पण ईस्ट बेच्या, म्हणजे खाडीच्या पूर्वेकडच्या, लोकांची सवय काही जात नाही. ओरॅकल पार्कला बार्टने शहरात उतरायचं आणि पुढचा मैल-सव्वा मैल वेगळा पार करायचा. त्याचे तीन मार्ग पुढे सांगतो.

आधी बार्टमधली खरी गोम. जाताना फ्रीमॉन्टहून ग्रीन लाइन तुम्हाला गाडी न बदलता सॅन फ्रान्सिस्कोला नेते. ही ग्रीन लाइन साधारण रात्री नऊनंतर बंद होते. मॅच संपते साडेनऊला! परतीला फलाटावर उभं राहून "बेरियेसा" (सॅन होजेतलं शेवटचं बार्ट स्टेशन) लिहिलेल्या गाडीची वाट बघत बसलात तर ती येणारच नाही. तेव्हा डब्लिन-प्लेझंटनकडे जाणारी ब्लू लाइन पकडायची, बे फेअर स्टेशनला उतरायचं आणि तिथे बेरियेसाकडे जाणारी ऑरेंज लाइन घ्यायची. बर्कली-रिचमंडच्या रेड लाइनचीही तीच गत. रात्री यलो लाइनने नाइन्टीन्थ स्ट्रीट ओकलंडपर्यंत जायचं आणि तिथे रिचमंडकडची ऑरेंज धरायची. डब्लिनवाले आणि वॉलनट क्रीकवाले नशीबवान, त्यांची गाडी रात्रीही थेट आहे. रात्री गाड्या साधारण वीस मिनिटांनी येतात, म्हणून जिना उतरताना समोरून गेलेली गाडी चांगलीच महागात पडते.

मिल्पिटास किंवा बेरियेसाजवळ राहणाऱ्यांना बार्ट की कॅल्ट्रेन असा प्रश्न पडतो. संध्याकाळच्या मॅचला माझं मत कॅल्ट्रेनकडे झुकतं. सॅन होजेच्या डिरिडॉन स्टेशनापर्यंत गाडी न्यावी लागली तरी परतीला एकदा बसलात की घरच्या स्टेशनापर्यंत डुलकी काढता येते. बार्टने आधी ट्राम, मग ब्लू, मग ऑरेंज, आणि कडेवर झोपलेलं मूल, हे गणित जड जातं. दुपारच्या मॅचला मात्र बार्ट उत्तम, कारण तेव्हा ग्रीन लाइन दोन्ही वेळेला मिळते.

मरिन काउंटी, अ‍ॅलमीडा, ओकलंडचा जॅक लंडन चौक, व्हॅलेहो या भागातल्यांना बोटीचा पर्याय आहे. मॅचच्या दिवशी खास फेरी स्टेडियमच्या मागच्या धक्क्यालाच लागते. लार्कस्परहून गोल्डन गेट फेरी येते, ईस्ट बे आणि व्हॅलेहोहून सॅन फ्रान्सिस्को बे फेरी. दोन अटी लक्षात ठेवा: सगळ्याच मॅचेसना ही सेवा नसते, आणि जागा आधी आरक्षित करावी लागते. लोकप्रिय मॅचेसच्या बोटी भरून जातात. परतीची बोट मॅच संपल्यावर थोड्याच वेळात सुटते, तेव्हा फोटो काढत रेंगाळायला वाव नाही. एकदा तरी करून बघावा असा हा प्रवास आहे. भारतातून आई-बाबा आले असतील आणि तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर दुसरा पर्याय बघूच नका. फक्त वरच्या उघड्या डेकवर वारा सोसवतो का ते आधी विचारा.

शेवटचा मैल: एन, टी की पाय

बार्टने आलात तर एम्बार्केडेरो स्टेशनला उतरा. बार्टच्या फलाटावरून वर येऊन गेटबाहेर पडायचं, त्याच मजल्यावर म्युनीचं वेगळं गेट आहे. त्यातून आत जाऊन मधल्या मजल्यावर उतरायचं. तिथे म्युनीच्या एन जुडा लाइनची कॅल्ट्रेन-बॉलपार्ककडे जाणारी गाडी घ्या. ती भुयारातून बाहेर येते, पाण्याच्या कडेने जाते आणि सेकंड अँड किंगच्या थांब्यावर, स्टेडियमच्या तोंडाशी सोडते.

दुसरा मार्ग टी लाइनचा. २०२३ च्या जानेवारीपासून टी लाइन नव्या सेंट्रल सबवेतून, म्हणजे चायनाटाउन आणि युनियन स्क्वेअरखालून येते. पूर्वी ती एम्बार्केडेरोने यायची, आता येत नाही. जुन्या लेखांत "एन किंवा टी, एम्बार्केडेरोहून कुठलीही पकडा" असं वाचाल, ते आता चुकीचं आहे. टी पकडायची तर बार्टने पॉवेलला उतरा. तिथून आतूनच युनियन स्क्वेअर-मार्केट स्ट्रीट स्टेशनला जाता येतं. फोर्थ अँड किंगला उतरून दोन चौक चाललात की आलं स्टेडियम. हॉटेल युनियन स्क्वेअरला असेल तर टीच सोयीची.

तिसरा मार्ग पायांचा, आणि जाताना तरी मला तो सगळ्यात आवडतो. एम्बार्केडेरो स्टेशनपासून पाण्याच्या कडेने पंचवीस मिनिटं. रस्ता सपाट, डोक्यावर बे ब्रिज, वाटेत रिंकन पार्कमधलं ते भल्यामोठ्या धनुष्यबाणाचं शिल्प. मॅचच्या तासभर आधी या रस्त्यावर नारिंगी-काळ्या जर्सींची रांगच लागलेली असते, वाट विचारावी लागत नाही.

सायकलवाल्यांसाठी एक वाक्य पुरे: स्टेडियमच्या आवारात सायकल सांभाळायची मोफत सोय आहे आणि कॅल्ट्रेनमध्ये सायकलींसाठी वेगळे डबे असतात.

पैसे कसे भरायचे

क्लिपर कार्ड हे बार्ट, कॅल्ट्रेन आणि म्युनी तिन्हींवर चालतं. फोनमध्येही घेता येतं. २०२५ पासून टॅप होणारं बँकेचं कार्डही चालू लागलं आहे, त्यामुळे पाहुण्यांसाठी मुद्दाम कार्ड विकत घ्यायची गरज उरलेली नाही. नियम एकच: माणशी एक कार्ड. एकाच कार्डावर बाबा, आई, मावशी असं तिघांना आत ढकलता येत नाही. एकच फोन दोघांनी वापरला तर दुसरा गेटबाहेर उभा राहतो आणि मागे रांग चुळबुळते. घरातून निघतानाच प्रत्येकाच्या हातात त्याचं कार्ड द्या. म्युनीवर अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीटच नाही.

गाडीच न्यायची असेल तर

कधीकधी पर्याय नसतो. ट्रेसीहून किंवा सॅक्रामेंटोहून येताय, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आहेत, दोन लहान मुलं आहेत. अशा वेळी गाडी न्या, पण स्टेडियमच्या दारात नेण्याचा हट्ट सोडा.

जवळचं पार्किंग हवंच असेल तर ते आधी विकत घ्या. जायंट्सचं अधिकृत पार्किंग एमएलबीच्या (मेजर लीग बेसबॉल) बॉलपार्क अ‍ॅपमधून मिळतं, मॅचची तिकिटंही त्याच अ‍ॅपमध्ये असतात. खाजगी गॅरेजेस पार्किंगच्या अ‍ॅपवर सापडतात. आयत्या वेळी रस्त्यावर झेंडा हलवणाऱ्या माणसाकडे वळाल तर पार्किंगला मॅचच्या तिकिटाइतके पैसे जाणं नवलाचं नाही. विकत घेताना दोन गोष्टी तपासा: गॅरेज रात्री किती वाजता बंद होतं, आणि पुन्हा बाहेर-आत करता येतं का. ऑफिसच्या इमारतींमधली काही गॅरेजेस लवकर कुलूप लावतात. अकरा इनिंग्जची मॅच बघून आल्यावर शटर खाली दिसलं तर रात्र टॅक्सीत जाते.

रस्त्यावरच्या मीटरचा मोह टाळा. स्टेडियमच्या परिसरात मॅचच्या दिवशी मीटरचा दर कित्येक पटींनी वाढतो आणि मीटर रात्री दहापर्यंत चालू राहतात. सहानंतर फुकट हा शहरातला इतरत्र चालणारा हिशेब इथे लागू नाही. शिवाय काही रस्त्यांवर ठरावीक वेळेनंतर गाडी उचलून नेतात, आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये रहिवाशांचे परवाने लागतात.

माझी पसंती फिफ्थ अँड मिशन गॅरेजला. हे शहराचं मोठं सार्वजनिक गॅरेज आहे, स्टेडियमपासून साधारण मैलभर. गाडी तिथे लावायची आणि येर्बा बुएना-मॉस्कोनी स्टेशनहून टी लाइन धरायची. दोन थांब्यांवर फोर्थ अँड किंग. कुणाला चालायचं असेल तर फोर्थ स्ट्रीटने सरळ वीस मिनिटं. खरा फायदा परतीचा. स्टेडियमलगतच्या लॉटमध्ये लोक गाडीत बसून बाहेर पडायची वाट बघत असतात, तेव्हा तुम्ही त्या कोंडीच्या बाहेर असता. ईस्ट बेला जायचं असेल तर बे ब्रिजचा रॅम्पही इथून जवळ.

त्याहून शहाणा पर्याय म्हणजे गाडी शहरात आणायचीच नाही. १०१ फ्रीवेने दक्षिणेकडून येत असाल तर मिलब्रेला लावा. तिथे बार्ट आणि कॅल्ट्रेन दोन्ही एकाच स्टेशनात मिळतात. सवयीने बार्टच्या जिन्याकडे वळू नका. बार्ट शहराच्या मध्यात सोडेल, कॅल्ट्रेन स्टेडियमपाशी. पूर्वेकडून येत असाल तर डब्लिनला गाडी सोडून ब्लू लाइन घ्या.

बे ब्रिजचा टोल फक्त सॅन फ्रान्सिस्कोकडे येताना लागतो आणि तिथे रोख पैसे घेत नाहीत. फास्टट्रॅक, म्हणजे टोल आपोआप भरणारं यंत्र, गाडीत नसेल तर नंबरप्लेटवरून बिल घरी येतं, गाडी भाड्याची असेल तर भाडेकंपनीचं शुल्कही वर चढतं.

आणि गाडीत काही म्हणजे काही दिसेल असं ठेवू नका. सॅन फ्रान्सिस्कोत काच फोडून सामान नेण्याचे प्रकार नवे नाहीत. लॅपटॉपची बॅग तर सोडाच, चार्जरची वायर आणि मुलांचं जॅकेटही डिकीत टाका. तेही पार्किंगला पोचण्याआधी, वाटेतच. गाडी लावल्यावर सगळ्यांसमोर डिकीत सामान भरणं म्हणजे माल कुठे आहे ते दाखवून ठेवणं.

उबर, लिफ्ट किंवा बिनचालकाची वेमो जाताना ठीक आहे. परतीला स्टेडियमच्या दारातून बोलावू नका. सातव्या इनिंगपासून आसपासचे रस्ते बंद व्हायला लागतात, भाडं उसळतं आणि ड्रायव्हर दोन चौक पलीकडे अडकून फोन करत राहतो. ब्रॅनन स्ट्रीटच्या पलीकडे पाच-सात चौक चालत जा आणि मग अ‍ॅप उघडा.

सोबत काय न्यायचं

ओरॅकल पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं. सीलबंद प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणीही चालतं. काचेच्या बाटल्या, कॅन आणि कडक कूलर चालत नाहीत. शाकाहारी माणसांची आत उपासमार होत नाही, पण पोळी-भाजीचा डबा नेलात तर खिसाही सांभाळला जातो आणि सहाच्या ट्रेनमध्ये भूक लागलेली मुलंही. बॅग मोठी नको, मापाचा नियम आहे. ट्रेनने आलेल्याला बॅग परत गाडीत ठेवून येण्याची सोय नसते, म्हणून निघण्याआधी जायंट्सच्या संकेतस्थळावर माप बघून घ्या.

जॅकेट घ्याच. सनीव्हेलला दुपारी पस्तीस अंश असले तरी इथे रात्री खाडीवरून येणारा वारा हाडात शिरतो. जुलैत मॅच बघणारे भारतीय पाहुणे दुकानातून पन्नास-साठ डॉलरचा स्वेटशर्ट घेऊन बाहेर पडतात, तो याच वाऱ्यामुळे.

शेवटची पायरी: परत निघताना

सातव्या इनिंगच्या मधल्या विश्रांतीला फोन काढा. कॅल्ट्रेनचं पान उघडून पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा बघा. मॅचच्या दिवशी जादा गाडीची सूचना असेल तर तीही तिथेच असते. रात्री उशिरा गाड्यांमधलं अंतर वाढतं आणि शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास जाते. बार्टचीही सेवा मध्यरात्रीच्या सुमारास आटोपते. फोनची बॅटरी वीस टक्क्यांच्या खाली असेल तर मॅचचे व्हिडिओ काढणं इथे थांबवा, कारण तिकिटं, नकाशा आणि क्लिपर सगळं त्याच फोनमध्ये आहे.

मग ठरवा: आठव्या इनिंगला उठायचं, शेवटचा खेळाडू बाद झाल्याबरोबर धावायचं, की सगळे गेल्यावर निवांत निघायचं? मधला पर्याय सगळ्यात वाईट, आणि तोच सगळे निवडतात. स्कोअर नऊ-एक असेल तर आठव्यात उठण्यात काही कमीपणा नाही. मॅच अटीतटीची असेल तर शेवटपर्यंत बघा आणि वर वीस मिनिटं बसून राहा. लोक पांगतात, स्वच्छतागृहांची रांग संपते, लिफ्ट मोकळी होते. ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर हे वीस मिनिटांचं थांबणं जिन्यावरच्या धक्काबुक्कीपेक्षा कितीतरी बरं. मात्र पुढची गाडी हातची जाऊन तासभराचं अंतर पडत असेल तर हा चैनीचा पर्याय सोडा.

ट्राम पकडायची असेल तर सेकंड अँड किंगच्या थांब्यावर ताटकळू नका. तिथे येईपर्यंत एन भरलेली असते. उलट्या दिशेने फोर्थ अँड किंगला चालत जा, एन तिथून सुटते. मॅचनंतर म्युनी जादा गाड्याही सोडते. मंडळी धडधाकट असतील तर ट्रामचा नाद सोडून पाण्याच्या कडेने एम्बार्केडेरोपर्यंत चालत जाणं अनेकदा तितकंच लवकर होतं, आणि गर्दी असल्यामुळे रस्ता सुनाही वाटत नाही.

कॅल्ट्रेनला पोचल्यावर आत शिरण्याआधी टॅप करा. पहिले डबे आधी भरतात, फलाटावर पुढे चालत गेलात तर बसायला जागा मिळते. घरच्या स्टेशनवर उतरल्यावर डोळे चोळत थेट गाडीकडे निघू नका. फलाटावरच्या यंत्रावर पुन्हा टॅप करा, प्रत्येकाने आपापल्या कार्डाने, नाहीतर सगळ्यात लांबच्या झोनचं भाडं कापलं जाईल.